तंजावरचं मोठं देऊळ पहिल्यांदा बघायला जाताय? हा क्रम धरा

पहिल्या खेपेला मी तंजावरच्या बृहदीश्वराच्या, म्हणजे शंकराच्या मोठ्या देवळात पोचलो तेव्हा दुपारचे सव्वाबारा वाजले होते. चपला काढल्या आणि तापलेल्या फरशीवरून टुणटुण उड्या मारत नंदीपर्यंत गेलो, तोवर दर्शन बंद व्हायची वेळ झाली. लांबूनच हात जोडले, चार फोटो काढले, जेवलो आणि पुढच्या गावाची बस धरली. घरी आल्यावर मामांनी विचारलं, "आपला मराठी शिलालेख बघितलास ना?" तो तिथे आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या खेपेला दोन दिवस ठेवले. तेव्हा कळलं की या देवळाच्या भिंतींवर जमाखर्चापासून घराण्याच्या इतिहासापर्यंत सगळं लिहून ठेवलंय. कुठे उभं राहायचं आणि काय शोधायचं एवढं ठाऊक असलं की पुरतं. माझी चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा क्रम लिहितोय.

१. बरोबर काय घ्यायचं

- ओळखपत्र. मुक्कामासाठी लागतंच, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात जायचं असेल तर तिथेही जवळ असलेलं बरं.
- छोटी दुर्बीण. ही नसेल तर अर्धं देऊळ दिसतच नाही. शिल्पांचे वरचे थर नुसत्या डोळ्यांना ठिपक्यांसारखे दिसतात.
- जाड पायमोजे. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि दगडी अंगण दहानंतर भाजायला लागतं.
- पाण्याची बाटली, टोपी, सुटे पैसे.
- अंगभर कपडे. जागता देव आहे, रोजची पूजा चालते.

आत जायला तिकीट नाही. अंगणात फोटो काढता येतात, गाभाऱ्याकडे मात्र कॅमेरा आणि मोबाइल दोन्ही खिशात.

२. पोचायचं कसं आणि किती वाजता

मुंबई-पुण्याहून बहुतेक जण चेन्नईमार्गे जातात. इथे पहिला सापळा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या चेन्नई सेंट्रलला लागतात आणि तंजावरकडे जाणारी रात्रीची उळवन एक्सप्रेस सुटते एग्मोरहून. दोन्ही स्टेशनं वेगळी आहेत. तिकिटावरचं नाव नीट वाचा आणि मधे दोन तास तरी हाताशी ठेवा. विमानानं जाणाऱ्यांना तिरुचिरापल्ली जवळ. तिथून तंजावर साठेक किलोमीटर आणि बसेस सतत.

दुसरा सापळा बसस्टँडचा. तंजावरला दोन आहेत. जुना स्टँड देवळापासून चालत जाण्याजोगा, नवा गावाबाहेर. लांबून येणाऱ्या बसेस नव्यावर सोडतात, तिथून गावातली बस किंवा रिक्षा करावी लागते. रिक्षावाल्याला "बृहदीश्वर" म्हणालात तर तो क्षणभर बघत राहील. "पेरिय कोविल" म्हणा, म्हणजे मोठं देऊळ.

देऊळ सकाळी ६ ला उघडतं, दुपारी साडेबाराला बंद होतं आणि ४ ते साडेआठ पुन्हा उघडं असतं. सणावारी यात बदल होतो. सकाळी साडेसहाला दारात हजर राहा. ऊन तिरपं असतं, शिल्पांवर सावल्या पडतात आणि अक्षरं उठून दिसतात. संध्याकाळी परत या, कारण मावळतीला तोच दगड मधासारखा दिसतो.

३. आधी काळाची उतरंड डोक्यात बसवा

सरळ आत घुसलात तर सगळं एकाच काळातलं वाटेल, आणि गाइड तसंच सांगेलही. या आवारात निदान चार राजवटींचे हात लागलेत:

- चोळ: राजराज पहिला इ.स. ९८५ मध्ये गादीवर आला. मुख्य देऊळ त्याचं. कळसासाठी तांब्याचा कुंभ त्यानं आपल्या कारकिर्दीच्या २५ व्या वर्षी, २७५ व्या दिवशी दिला असं लेखातच कोरलंय. म्हणजे इ.स. १०१०. त्यानं देवळाला नाव दिलं राजराजेश्वरम्. बृहदीश्वर हे नाव पुष्कळ नंतरचं.
- पांड्य: देवीचं वेगळं देऊळ, तेराव्या शतकातलं.
- नायक (मराठ्यांच्या आधी तंजावरवर राज्य करणारे): आज दिसणारा नंदी, त्याचा मंडप, सुब्रह्मण्याचं कोरीव देऊळ.
- मराठे: सगळ्यात बाहेरचा दरवाजा, गणपतीचं देऊळ आणि तो शिलालेख.

४. तीन दरवाजे ओलांडताना थांबा

खंदक ओलांडून ज्या दारातून आत जाता ते मराठ्यांच्या काळचं. त्यापुढचं गोपुर केरळांतकन, केरळच्या चेर राजांवरच्या विजयाची आठवण म्हणून राजराजानं दिलेलं नाव. तिसरं राजराजन् तिरुवासल. बाहेरून आत चालताना तुम्ही आठशे वर्षं मागे जाता आणि बहुतेक लोक हे अंतर मोबाइलकडे बघत कापतात.

तिसऱ्या दरवाज्यापाशी दहा मिनिटं द्या. दोन्ही बाजूंना अवाढव्य द्वारपाल आहेत. त्यांच्यापाशी हत्ती गिळणारा साप शोधा. हत्ती सापाच्या तोंडात मावतो, साप द्वारपालाच्या आयुधाशी किरकोळ दिसतो आणि तो द्वारपाल बोटानं आतल्या देवाकडे दाखवतो. आतला केवढा असेल ते आता तुम्हीच ताडा. एक शब्दही न लिहिता मोजमाप सांगायची ही युक्ती मला फार आवडली. याच गोपुराच्या तळाच्या पट्ट्यांवर मार्कंडेयाची, किरात-अर्जुनाची अशा शिवकथा कोरल्यात. त्या डोळ्यांच्या पातळीवर आहेत, इथे दुर्बीण नको.

५. नंदी बघून लगेच पुढे

नंदी एकसंध दगडातला, देखणा आणि फोटोसाठी सगळ्यात गर्दीचा. तो राजराजाचा नव्हे, नायकांच्या काळचा. मट्टु पोंगलला, म्हणजे पोंगलमधल्या गुरांच्या सणाला, त्याला भाज्या-फळांच्या माळांनी मढवतात आणि प्रदोषाला अभिषेक असतो. या दिवसांत गेलात तर सोहळा बघायला मिळेल, पण देऊळ निवांत बघता येणार नाही. दोन्हींपैकी एक निवडा.

६. विमान: वर बघायच्या आधी खाली बघा

गाभाऱ्यावरच्या शिखराला तिथे विमान म्हणतात. तेरा मजली, साठ मीटरांहून उंच, सगळं ग्रॅनाइटमधलं. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भात पिकतो, ग्रॅनाइट मिळत नाही. तो तिरुचिरापल्लीच्या बाजूच्या खाणींतून, पन्नासेक किलोमीटरांवरून आणलेला. भिंतीवरच्या देवकोष्ठांतून, म्हणजे मूर्तींच्या कोनाड्यांतून, शिवाची रूपं बघत देवळाला एक पूर्ण फेरी घाला. वरच्या रांगेत धनुष्य घेतलेला त्रिपुरांतक पुनःपुन्हा दिसेल. लढाया जिंकणाऱ्या राजाला शिवाचं हे रूप जवळचं वाटलं असावं, हा माझा अंदाज.

इथे ऐकायला मिळणाऱ्या तीन गोष्टी गाठीला बांधून आणू नका:

*"विमानाची सावली जमिनीवर पडत नाही."* पडते. सकाळी सात वाजता देवळामागच्या पश्चिमेकडच्या अंगणात जा आणि त्या सावलीतच उभे राहा. गार वाटतं.

*"शिखरावरचा दगड एकसंध, ऐंशी टनांचा."* तो गोल घुमट अनेक दगड जोडून बांधलाय.

*"वर हॅट घातलेला गोरा माणूस आहे, हजार वर्षांपूर्वी राजाला भविष्य दिसलं होतं."* हॅटवाली आकृती खरीच आहे, दुर्बिणीतून उत्तरेच्या बाजूला शोधा. पण शिखराची डागडुजी नायक-मराठा काळात झालेली आहे आणि तोवर डेन्मार्कचे व्यापारी किनाऱ्यावर तरंगमबाडीला येऊन राहिले होते. त्यांनी नायकांकडून १६२० मध्ये तिथे जागा मिळवली. कारागिरानं बघितलेला माणूस वर बसवला असणार, भविष्याची गरज नाही.

७. चौथऱ्यावरचं लिखाण

आता मान खाली. विमानाच्या चौथऱ्याच्या पट्ट्यांवर सभोवार तमिळ अक्षरं कोरली आहेत. तमिळ येत नसलं तरी हा टप्पा गाळू नका, कारण या देवळाचं वेगळेपण इथे आहे.

राजराजाची आज्ञाच आहे: आम्ही दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, आमच्या बायकांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं सगळं या दगडी श्रीविमानावर कोरा. अक्का म्हणजे थोरली बहीण कुंदवै, आणि तिचा उल्लेख राण्यांच्याही आधी. पुढे मग यादी. देवांच्या धातुमूर्ती, त्यांची मापं, दागिने. सोनं ज्या वजनानं तोललं त्या वजनाला नाव होतं आडवल्लान आणि रत्नं ज्यानं तोलली ते दक्षिणमेरुविटंकन. दोन्ही नावं शिवाची. मोती नुसते मोजले नाहीत, गोल किती, जरा कमी गोल किती, डागाळलेले किती, असं प्रतवारीनं लिहिलंय. सराफाच्या पेढीवरच्या मुनीमानं समाधानानं मान डोलवावी असा हिशेब.

चारशे नर्तकींची यादी आहे. प्रत्येकीचं नाव, ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आणली आणि तंजावरात कोणत्या आळीत कितवं घर मिळालं ते. वर्षाला प्रत्येकीच्या वाट्याला शंभर कलम भात (कलम हे धान्याचं माप). त्या आपणहून आल्या की आणल्या गेल्या, हे दगड सांगत नाही. मी त्या भिंतीपाशी बराच वेळ थांबलो होतो.

दिव्यांचा हिशेब मला सगळ्यात आवडतो. एक दिवा अखंड तेवायला ९६ मेंढ्या, नाहीतर ४८ गाई, नाहीतर १६ म्हशी. ही जनावरं गुराख्यांकडे सोपवायची आणि त्यांनी रोज ठरलेल्या मापानं तूप आणून घालायचं. देवळाच्या तिजोरीतले पैसे गावांना कर्जाऊ दिलेले, व्याज साडेबारा टक्के. गाभारा, कोठार, पेढी आणि नाटकशाळा एकाच आवारात चालत होती.

आणि तरीही मधल्या काळात लोक विसरले की हे बांधलं कुणी. स्थळपुराणात दुसऱ्याच एका चोळ राजाची गोष्ट होती. जर्मन लिपितज्ज्ञ ऑयगेन हुल्श यांनी १८८६ च्या सुमारास हे लेख वाचले तेव्हा राजराजाचं नाव पक्कं झालं. ते नाव सगळा वेळ भिंतीवरच होतं.

ज्यांना तपशील हवा त्यांनी परवानाधारक गाइड दारातच ठरवावा आणि बोली करतानाच सांगावं, "शिलालेख दाखवा." नाहीतर तुम्हाला सावलीची गोष्ट दोनदा ऐकावी लागेल.

८. दर्शन, आणि मग चंडिकेश्वर

दर्शनाची रांग साध्या दिवशी लवकर सरते. लिंग प्रचंड आहे, गाभारा दोन मजल्यांइतका उंच. कापराची आरती होते तेव्हा काळोखातून काळा पाषाण वर चढत जाताना दिसतो. विभूती घ्या, रेंगाळू नका, मागून लोक येत असतात.

बाहेर आल्यावर उत्तरेच्या अंगाला चंडिकेश्वराचं छोटं देऊळ आहे. लोक त्याच्यापुढे हळूच टाळी वाजवतात किंवा दोन्ही तळवे उघडून दाखवतात. आपले मराठी लोक हे बघून गोंधळतात. चंडिकेश्वर हा शिवाचा पहिला सेवक आणि देवळाच्या मालमत्तेचा कारभारी. त्याला दाखवायचं, की बाबा, तुझ्या धन्याचं काही घेऊन चाललो नाही. मघाशी चौथऱ्यावर वाचलेली कर्जं याच्याच नावानं दिली जात. हिशेबाची भिंत वाचून इथे आलात तर टाळी वाजवताना हसू येतं.

९. मराठी शिलालेख कुठे आहे

अंगणाच्या कडेनं चारी बाजूंना ओवऱ्या आहेत. नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे चालत जा. तिथल्या भिंतीवर अक्षरं दिसतील, आणि एकदम लक्षात येईल की ही आपली आहेत. देवनागरी. पाटी शोधत बसू नका, भिंत शोधा. नाही सापडली तर "मराठी कल्वेट्टु" असं विचारा, कल्वेट्टु म्हणजे शिलालेख.

याला भोसलेवंशचरित्र म्हणतात. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. दगडावरची बखरच ही. भोसल्यांच्या मूळपुरुषांपासून सुरुवात करून शहाजीराजे, शिवाजी महाराज, व्यंकोजी आणि तिथून तंजावरच्या राजांपर्यंत. व्यंकोजी म्हणजे एकोजी, महाराजांचे सावत्र भाऊ. त्यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि त्यांचं घराणं तिथे १८५५ पर्यंत राहिलं.

लेख कोरवून घेतला सरफोजी दुसरे यांनी, १८०३ मध्ये. मजकूर बाबूराव चिटणीसांचा. वर्ष लक्षात ठेवा. चारच वर्षं आधी, १७९९ च्या तहानं राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता आणि राजांकडे किल्ला व आसपासचा थोडा मुलूख उरला होता. हातात राज्य असताना राजराजानं दानं कोरली, हातचं राज्य गेल्यावर सरफोजींनी वंश कोरला. एकाच आवारात, शंभर-दीडशे पावलांच्या अंतरावर. मी दोन्ही भिंतींमध्ये दोनदा ये-जा केली ती यासाठी.

वाचायला जाताना दोन सूचना. एक, अक्षर ओळखीचं असलं तरी छापील पुस्तकासारखं झरझर वाचता येत नाही. एक-दोन ओळी पकडा, नावं शोधा. "शिवाजी" सापडलं की पोरंही रमतात. दुसरं, बखरींसारखंच यातल्या सनावळ्यांवर डोळे मिटून विसंबू नका. घराण्यानं स्वतःबद्दल लिहिलेलं आहे हे धरून चाला. आणि भिंतीला हात, खडू, पाणी काहीही लावू नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून पाणी मारणारे महाभाग मी बघितलेत.

मराठ्यांचा संबंध लेखापुरता उरलेला नाही. तंजावर राजवाडा देवस्थानाच्या ८८ देवळांत हे देऊळ मोडतं आणि वंशपरंपरेचं विश्वस्तपद आजही भोसले घराण्याकडे आहे.

१०. जे बघायला मिळत नाही

गाभाऱ्याभोवतीच्या आतल्या बोळात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. नायकांच्या काळात त्यांच्यावर दुसरी चित्रं रंगवली गेली, आणि १९३१ मध्ये अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना खालची चित्रं दिसली. त्याच्या वरच्या मजल्यावर नाट्यशास्त्रातली १०८ करणं, म्हणजे नाचातले पवित्रे, कोरायला घेतली होती. ८१ झाली, पुढचे दगड कोरेच राहिले. का थांबले, कुणास ठाऊक. दोन्ही जागा सर्वसामान्यांसाठी बंद आहेत. "आतून दाखवतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. आवारातल्या माहिती केंद्रात चित्रांच्या प्रतिकृती असतात, त्या बघा.

११. दुपारी १२ ते ४ काय करायचं

जेवा आणि राजवाड्यात जा. दरबार हॉल, चोळ काळातल्या धातुमूर्तींचं दालन आणि सरस्वती महाल. हे ग्रंथालय नायकांच्या वेळेपासूनचं, पण त्याला आजचं रूप सरफोजी दुसऱ्यांनी दिलं. मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदांचा मोठा साठा तिथे आहे. पाहुण्यांसाठी संग्रहालय आहे, हस्तलिखित हाताळायचं असेल तर आधी पत्रव्यवहार करून परवानगी घ्यावी लागते. आयत्या वेळी जाऊन हुज्जत घालू नका. साप्ताहिक सुट्टीचा दिवसही आधी विचारून घ्या.

गावात तंजावरी मराठी बोलणारी घरं अजून आहेत. आडनावाऐवजी नावापुढे "राव" दिसलं की विचारून बघा. त्यांचं मराठी कानाला आधी परकं वाटतं, पाच मिनिटांनी जुनं वाटायला लागतं.

१२. तिसरा दिवस असेल तर

हे देऊळ १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, आणि २००४ मध्ये त्याच्या जोडीला गंगैकोंडचोळपुरम् आणि दारासुरम् ही देवळं घेतली गेली. दारासुरम् कुंभकोणमला लागून आहे, तंजावरहून बसनं सहज होतं. गंगैकोंडचोळपुरम् राजराजाच्या मुलानं, राजेंद्रानं बांधलं. ते आडबाजूला आहे, म्हणून कुंभकोणमहून गाडी ठरवा आणि सकाळीच निघा. तिथेही दुपारी दार बंद होतं.